मूत्रपिंडाच्या रोहिणीची सोनोग्राफी

माहूरगडाच्या घाटात रस्त्याकडेला उभे राहून एस. टी.चा भोंगा ऐका. गाडी जवळ येत असताना सूर चढा वाटतो, पुढे गेली की तो एकदम उतरतो. भोंगा तर तोच! ध्वनीचा उगम हलत असला की त्याची कंप्रता बदललेली भासते. हा परिणाम ख्रिस्तियन डॉपलर याने १८४२ साली मांडला. त्याच्याच आधारे आज मूत्रपिंडाची अरुंद झालेली रोहिणी शोधतात.

रोहिणी अरुंद झाली की मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. जणू साऱ्या शरीराचाच रक्तदाब घटला आहे असे समजून मूत्रपिंड रेनिन हे द्रव्य रक्तात सोडते आणि रक्तदाब वाढतो. रोहिणीला चिमटा लावल्यास कुत्र्यांचा रक्तदाब चढतो, हे हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये दाखवले. उतारवयात रोहिणीत मेदाचे थर साचतात. भारतातील तरुणांत मात्र रोहिणीच्या भिंतीला सूज आणणारा ताकायासू रोग हे एक महत्त्वाचे कारण आहे. म्हणून लहान वयात रक्तदाब फार वाढलेला आढळला, तर ही तपासणी महत्त्वाची ठरते. वेळीच निदान झाले तर मूत्रपिंड वाचवता येते.

आता पैनगंगा आठवा. रुंद पात्रात संथ वाहणारे पाणी खडकांमध्ये आवळले की वेगाने धावते. रक्ताचेही तसेच. पोटावर टेकवलेल्या शोधकातून सेकंदाला सुमारे ३० लक्ष कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत जातो. धावत्या रक्तपेशींवरून तो परततो तेव्हा त्याची कंप्रता बदललेली असते. रक्ताचा वेग सेकंदाला १ मीटर आणि ध्वनी व प्रवाह यांतील कोन ६० अंश असेल, तर हा फरक सुमारे १,९५० कंपनांचा येतो. तो आपल्या कानाला ऐकू येतो! वेग दुप्पट, तर फरकही दुप्पट. निरोगी रोहिणीत सर्वाधिक वेग साधारण १ मीटर असतो. तो २ मीटरच्या आसपास गेला की डॉक्टरांना शंका येते.

या तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत, मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकणारे रंगद्रव्यही नाही. मात्र आतड्यातील वायू ध्वनीची वाट अडवतो. म्हणून रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात. तपासणाऱ्याचा हातही सराईत लागतो.

जाता जाता एक प्रश्न : ध्वनी प्रवाहाला काटकोनात सोडला, तर कंप्रतेत किती फरक पडेल? शिक्षकांशी चर्चा करा.