परातींतील समुद्र

आपल्या धाराशिव जिल्ह्यास समुद्रकिनारा नाहीं. तथापि येथील शेतकऱ्याचें सुखदुःख समुद्रावर अवलंबून आहे. मृगापासून आपण ज्या पावसाची वाट पाहतों, त्याची वाफ बहुतांशीं अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांवरून वाऱ्याबरोबर येते. मग तो अमक्याच तारखेस पडेल, हें शास्त्रज्ञांस दोन महिने आधीं कां सांगतां येऊं नये? या प्रश्नावर एका परातीनें पाडलेला प्रकाश आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १९५० च्या सुमारास व त्यानंतर शिकागो येथें डेव्ह फुल्ट्झ यांनीं आणि केंब्रिज येथें रेमंड हाइड यांनीं फिरत्या भांड्यांतील पाण्यावर प्रयोग केले. भांड्याची कड उष्ण व मध्य थंड ठेवावयाचा, आणि भांडें कुंभाराच्या चाकाप्रमाणें, पण पुष्कळ सावकाश, फिरवावयाचें. कड म्हणजे विषुववृत्त व मध्य म्हणजे ध्रुव, असें समजावें.

गति मंद असतां पाणी मध्याभोंवतीं सुरळीत वर्तुळांत फिरतें. ती वाढविली कीं वर्तुळ मोडून नागमोडी लाटा उठतात. आणखी वाढविली कीं अनियमित भोवरे उत्पन्न होतात. कारण असें कीं, उष्ण पाणी मध्याकडे सरळ जाऊं पाहतें, परंतु भ्रमणामुळें बाजूस वळतें. शेवटीं प्रवाह अस्थिर होतो व लाटांच्या द्वारें उष्णता मध्याकडे पोंचते.

इतक्याशा परातीवरून महासागराचें अनुमान कसें करावें? येथें आकार नव्हे, प्रमाण महत्त्वाचें. प्रवाह एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाईपर्यंत किती फेऱ्या होतात, हें पाहावयाचें. पृथ्वीची फेरी एका दिवसाची. पण प्रवाहास महासागर ओलांडण्यास महिनेच्या महिने लागतात. परातींत हेंच प्रमाण कांहीं मिनिटांत साधतें.

अर्थात् परातींत वारा नाहीं, किनाराही नाहीं. अरबी समुद्रांत पावसाळ्यांत सोमालियाच्या किनाऱ्यानें उत्तरेस धांवणारा प्रवाह या दोहोंच्याही योगानें वळून प्रचंड भोवरा निर्माण करतो. आपल्या समुद्रांतील अशा प्रवाहांचा अभ्यास १९६६ सालीं स्थापन झालेली गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था करीत असते.

सुरळीत प्रवाहाचें भविष्य सांगतां येतें; भोवऱ्यांच्या अवस्थेंत मात्र आरंभींचा तिळाएवढा फरक ताडाएवढा होतो. वारा हाही प्रवाहच. म्हणून दूरचा अंदाज तारखेचा नसून संभवाचा असतो. त्यास थाप न मानतां, पेरणीपूर्वीं जवळच्या दिवसांचा अंदाज अवश्य पाहावा, अशी पालकांस आमची विनंती आहे.