हायवे ६१ वरचा काळा दगड

मिनियापोलिसहून उत्तरेला निघालेली गाडी दोन-सव्वादोन तास सपाट मुलखातून धावत असते. आधी मक्याची शेतं, मग पाइनची झाडं, मग आणखी पाइनची झाडं. मागच्या सीटवर मुलं पेंगत असतात. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांना ‘अजून किती?’ हे विचारायचा संकोच वाटायला लागलेला असतो. डुलूथ गावाच्या अलीकडे रस्ता एका टेकडीचा माथा ओलांडतो आणि गाडीची पुढची काच एकदम निळी होते. “अगं बाई, समुद्र!” आजी म्हणतात. या वळणावर पहिल्यांदा येणारं जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस हेच म्हणतं. चुकलं असं कुणी म्हणू नये. इथल्या ओजिब्वे लोकांनी या पाण्याला ‘गिचिगामी’, म्हणजे ‘महासागर’, असंच नाव दिलं आहे. फक्त खारा वास येत नाही आणि भरती-ओहोटी डोळ्यांना जाणवत नाही.

हे लेक सुपीरिअर. ‘सुपीरिअर’ म्हणजे श्रेष्ठ असं वाटतं खरं, पण फ्रेंच प्रवाशांना त्यातून नुसतं ‘वरचं सरोवर’ एवढंच म्हणायचं होतं. क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला कोकण विभाग त्यात अडीच वेळा मावेल. सर्वांत खोल जागा ४०६ मीटर. पाण्याचा साठा सुमारे १२,१०० घन किलोमीटर, म्हणजे कोयनेसारखी चार हजार धरणं एकदम भरतील. पृथ्वीच्या पाठीवरच्या गोड्या पाण्याचा, बर्फ सोडला तर, दहावा हिस्सा या एका खड्ड्यात आहे.

खड्डा म्हटलं ते जाणूनबुजून. ही सहल पाण्यासाठी केली जाते, पण तिची खरी मौज पाण्याखालच्या दगडात आहे. आणि तो दगड मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे.

सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचं खंड इथे मधोमध उकलायला लागलं. भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले, त्यांची जाडी काही किलोमीटरवर गेली. मग उकलणं थांबलं. एव्हाना दोन तुकडे होऊन मध्ये समुद्र शिरायला हवा होता, तो शिरला नाही. लाव्ह्याच्या वजनाने मधला भाग खचला, पुढे हिमनद्यांनी तो आणखी खरवडला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे सरकला तेव्हा त्या द्रोणात पाणी साचलं. किनाऱ्यावर उघडा पडलेला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. लोणावळ्याच्या घाटात दिसतो, रायगडाच्या कड्यात दिसतो, वेरूळला कोरलेला दिसतो, तोच. आपला दख्खनचा बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांचा, इथला त्याच्या सोळापट म्हातारा. निवृत्त आजोबा गाडीतून उतरून कड्यावर हात ठेवतात आणि “हा तर आपलाच पाषाण” म्हणतात, तेव्हा वयातला फरक सोडला तर ते बरोबरच असतात.

डुलूथमध्ये तासभर थांबावंच, कारण तिथे पूल वर जातो. १८७१ साली खणलेल्या कालव्यावर १९०५ साली हा पूल उभा राहिला तेव्हा त्याला रस्ताच नव्हता. वरच्या सांगाड्याला टांगलेला एक पाळणा माणसं आणि घोडागाड्या घेऊन या काठावरून त्या काठावर जायचा. १९२९-३० मध्ये पाळणा काढून रस्ता बसवला आणि तो अख्खा रस्ता लिफ्टसारखा वर जाईल अशी योजना केली. आता जहाज आलं की तो ४१ मीटरपर्यंत उचलला जातो. तीनशे मीटर लांबीची मालवाहू जहाजं कालव्याच्या काठावर उभ्या असलेल्या लोकांच्या इतक्या जवळून जातात की पाच वर्षांचं मूल आईचा कुर्ता घट्ट धरतं. जहाज भोंगा देतं, पूल भोंग्याने उत्तर देतो. जहाजाच्या पोटात बहुतेक वेळा टॅकोनाइट असतं, म्हणजे लोहखनिजाच्या गोट्या. मिनेसोटातलं हे खनिज सरोवरांच्या साखळीतून पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांकडे जातं.

इथून पुढे हायवे ६१. उजवीकडे सतत पाणी, डावीकडे जंगल, आणि दर काही मैलांवर एक तपकिरी पाटी, म्हणजे स्टेट पार्क.

स्टेट पार्क हा प्रकार आपल्याकडच्या पाहुण्यांना नीट समजावून सांगावा लागतो. नॅशनल पार्क केंद्र सरकारचं, हे राज्याचं. गाडीमागे दिवसाचा किंवा वर्षाचा पास घ्यायचा. वर्षाचा पास घेतला की राज्यातली साठहून अधिक उद्यानं आणि मनोरंजन क्षेत्रं खुली. मुक्कामाची जागा १२० दिवस आधी आरक्षित करता येते, आणि सप्टेंबरच्या शनिवार-रविवारसाठी तशी करावीही लागते. मिनेसोटातलं पहिलं स्टेट पार्क १८९१ सालचं, इटास्का, जिथून मिसिसिपी नदी निघते. ते सहज वाचलेलं नाही. १९०३ मध्ये मेरी गिब्ज नावाची चोवीस वर्षांची तरुणी त्याची अधिकारी होती. लाकूड कंपनीच्या बांधामुळे पाणी चढून काठची झाडं बुडायला लागली, तेव्हा बंदुकीच्या धमकीला न जुमानता तिने दारं उघडायचा आग्रह धरला. इटास्का या वाटेवर नाही, पण स्वस्त पासमागची ही गोष्ट मुलांना गाडीत सांगण्याजोगी आहे.

पहिला थांबा गूजबेरी फॉल्स. नाव गूजबेरीच्या झुडपांवरून आलं की ग्रोझेय्ये या फ्रेंच प्रवाशाच्या नावावरून, यावर अजून एकमत नाही. इथल्या मुख्य वाहनतळावर पासही लागत नाही, त्यामुळे गर्दी अफाट. धबधबे पाहून झाले की मागे वळून भिंत पाहावी. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने बेकार तरुणांसाठी संवर्धन दल काढलं. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले २५ थेट घरी. त्या पोरांनी १९३४ ते १९४१ या काळात इथे मुक्काम ठोकून काळ्या-निळ्या-तांबड्या ग्रॅनाइटच्या इमारती आणि ती लांबलचक भिंत उभी केली. मंदीतलं काम, पण ढिलाई कुठे दिसत नाही. पाहणाऱ्याला आपल्याकडच्या दुष्काळी कामांवरची धरणं आठवली तर नवल नाही.

पुढे स्प्लिट रॉक. कड्यावरचा पिवळट विटांचा दीपस्तंभ इतक्या कॅलेंडरांवर छापला गेलाय की प्रत्यक्षात तो जरा लहानच वाटतो. तो उभारण्याचं कारण मात्र लहान नव्हतं. २८ नोव्हेंबर १९०५ रोजी आलेल्या वादळात या किनाऱ्यावर जहाजांची दाणादाण उडाली. ‘माटाफा’ नावाचं जहाज डुलूथच्या त्याच कालव्याच्या तोंडाशी मोडलं. काठावर हजारो लोक, शेकोट्या पेटलेल्या, आणि समोर रात्रभरात नऊ खलाशी थंडीने गेले. पाच वर्षांनी, १९१० मध्ये, दीपस्तंभ पेटला. तेव्हा इथे रस्ता नव्हता. प्रत्येक वीट बोटीने आणून यारीने कड्यावर चढवली, कारण हायवे आला तोच १९२४ मध्ये. पॅरिसहून आणलेलं भिंग पाऱ्यावर तरंगत फिरायचं आणि दर दहा सेकंदांनी एक झोत टाकायचं. १९६९ मध्ये स्तंभ निवृत्त झाला. १० नोव्हेंबरला मात्र तो पुन्हा पेटतो. १९७५ साली त्या तारखेला ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज २९ माणसांसह बुडालं. त्यांची नावं वाचली जातात आणि दर नावाला घंटेचा एक टोल पडतो.

सिल्व्हर बेवरून जाताना बहुतेक गाड्या थांबत नाहीत. थांबलं नाही तरी एक माहिती असावी. १९५५ पासून इथला टॅकोनाइटचा कारखाना खनिज काढून उरलेला भुसा सरळ सरोवरात सोडायचा, रोजचे सुमारे ६७,००० टन. डुलूथच्या पिण्याच्या पाण्यात सूक्ष्म तंतू सापडले, खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९८० मध्ये तो भुसा जमिनीवरच्या बंधाऱ्यात जायला लागला. आज बाटली भरून प्यावंसं वाटणारं पाणी आपोआप तसं राहिलेलं नाही.

दुसरा दिवस नद्यांचा. टेम्परन्स रिव्हर या नावात एक कोटी आहे, आणि नशिबाने ती मराठीतही चालते. इकडच्या बाकी नद्यांच्या मुखाशी वाळू-गोट्यांचा दांडा असतो, त्याला इंग्रजीत ‘बार’ म्हणतात. या नदीच्या मुखाशी बार नाही, म्हणून ती ‘दारूबंदीची नदी’! आजोबांना हा विनोद आवडतो. त्यांना त्याहून आवडते ती घळ. पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या खडकात रांजण कोरलेत, काहींची पोटं एकमेकांत उघडलेली. निघोजला कुकडीच्या पात्रात ज्यांनी रांजणखळगे पाहिलेत त्यांना इथे पाटी वाचायची गरज पडत नाही.

तिथून पाऊण-एक तासावर मॅग्नी उद्यान. डुलूथचे एकेकाळचे महापौर आणि पुढे न्यायमूर्ती झालेले सी. आर. मॅग्नी यांनी या किनाऱ्यावरच्या उद्यानांसाठी मोठी खटपट केली, म्हणून हे नाव. शेकड्याने पायऱ्या चढून-उतरून गेलं की ‘डेव्हिल्स केटल’ दिसतं, सैतानाची किटली. ब्रूल नदी एका खडकावर दुभंगते. अर्धी नदी पुढे धबधबा होते आणि अर्धी एका भोकात पडते, ती दिसेनाशीच होते. लोकांनी त्या भोकात चेंडू टाकले, रंग ओतले, बाहेर काही आलं नाही. ते पाणी थेट सरोवराच्या तळाशी निघतं, अशी आवडती दंतकथा होती. भूगर्भाच्या अभ्यासकांना ती पटत नव्हती. चुनखडीत भुयारी नद्या होतात, लाव्ह्याच्या खडकात नाही. शेवटी २०१६ मध्ये राज्याच्या जलतज्ज्ञांनी साधी गोष्ट केली. भोकाच्या वरचा आणि धबधब्याच्या खालचा प्रवाह मोजला. वर सेकंदाला १२३ घनफूट, खाली १२१. म्हणजे पाणी कुठेही गेलेलं नाही, खडकाखालून लगेच त्याच नदीत परत येतंय. चेंडूंचं काय झालं? किटलीतल्या घुसळणीत त्यांचा चुरा झाला असणार. मुलांना मात्र हे उत्तर आवडत नाही. परतीच्या पायऱ्यांवर त्यांची भुयाराची नवी गोष्ट रंगलेली असते.

शेवटचा थांबा, परतीच्या वाटेवर, ग्रँड मरे. इथे जेवण आणि दगड. पुड्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या किनाऱ्यावर उघडताना सीगल पक्ष्यांवर लक्ष ठेवावं, ते हातातून घास नेतात. या परिसरात थॉमसोनाइट मिळतो, झिओलाइट कुळातला. हे कूळही आपल्या नात्यातलं, कारण नाशिक, पुणे, जळगावच्या खाणींतले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. दोन्हीकडची कथा एकच. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, नंतर खनिजांनी त्या भरल्या. लोहाने लाल झालेला अगेट, म्हणजे अकीक, १९६९ पासून मिनेसोटाचा राज्यरत्न आहे. स्टेट पार्कमधून एक खडाही उचलायला मनाई आहे, आणि तिथल्या रेंजरला ‘एवढासा तर आहे’ हे कारण चालत नाही. सार्वजनिक किनाऱ्यावर शोधायला हरकत नसते. युक्ती एकच, सूर्य खाली असताना त्याच्याकडे तोंड करून चालायचं, म्हणजे ओल्या गोट्यांतला प्रकाश आत घेणारा खडा पटकन कळतो.

मिनियापोलिसला परतायचे सव्वाचारशे किलोमीटर असतात आणि रविवारी संध्याकाळी अर्धं राज्य त्याच रस्त्यावर असतं. मुलाच्या मुठीतला खडा डुलूथ येईपर्यंत सुकतो, साधा मातकट दिसायला लागतो, आणि मूल रडवेलं होतं. घरी पोचल्यावर आजी तो वाटीभर पाण्यात टाकतात. लाल रेघा परत दिसतात.