बोलणारा डबा आणि पदराची गाठ

मंडळी, परवा धाराशिवच्या बाजारात मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि खिशात हात घातला, तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, सुट्टे न्हाईत. त्या पुठ्ठ्यावर मारा." मी मोबाइल धरला. टोपलीमागचा डबा बोलला, "वीस रुपये प्राप्त झाले." मावशींनी मान डोलावली. त्यांना अक्षरओळख नाही. आवाजावर मात्र भरवसा आहे.

माणूस नवे यंत्र का स्वीकारतो? १९८९ साली फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने दोन कारणे मांडली. ते उपयोगी वाटले पाहिजे आणि वापरायला सोपे वाटले पाहिजे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर महिन्याभरात ठाणे जिल्ह्यातले धसई राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली. पण रोख काही गावातून गेली नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'यूपीआय'ला दुकानदाराकडे यंत्र लागत नाही, पुठ्ठ्यावरचा चौकोन पुरतो. खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशनही नाही. सुट्ट्यांची कटकट मिटली. शिवाय शेजारच्याने पुठ्ठा लावला, की आपल्यालाही लावावा लागतो.

तिसरे कारण भरवशाचे. "पैसे घ्यायला पिन टाका" असे कुणी म्हणाले, की ओळखावे, ही लूट आहे. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा. साध्या बटणांच्या फोनवरूनही इंटरनेटशिवाय पैसे देता येतात. पण हे वाडीवस्तीवर जाऊन सांगतो कोण?

मी मावशींना विचारले, "पैसे जमा कुठं होतात?"

"पोराच्या खात्यात. पिन बी त्यालाच ठावं."

"आणि तुम्हाला लागले तर?"

त्या हसल्या. "मागायचे की."

पूर्वी त्यांच्या पदराच्या गाठीत वीसच रुपये असतील, पण ते त्यांचे असत. माझी अम्मीही रुमालात पैसे बांधून ठेवायची. घर अडले की ती गाठ सुटायची, तीही तिच्याच हाताने.

म्हणून किती लोक डिजिटल झाले हे मोजताना खाते कुणाचे आणि पिन कुणाकडे, हेही विचारावे. मुलांनो, आईच्या खात्याला तिचाच नंबर जोडा, पुठ्ठा त्याच खात्याचा करून आणा आणि पिन तिलाच ठरवू द्या. डबा तसाच बोलेल. पण बोलेल तो आईच्या पैशांबद्दल.