तंत्रज्ञानाच्या साहाय्याने बालसमुपदेशन : समुपदेशकांचे अनुभव आणि बुलढाणा जिल्हा

प्रस्तावना :

प्रौढ व्यक्ती आपले दुःख कमीअधिक प्रमाणात शब्दांत मांडू शकते. बालक मात्र ते पोटदुखी, हट्ट, शाळेत जाण्यास नकार किंवा मौन यांतून व्यक्त करते. त्यामुळेच बालक आणि समुपदेशक यांच्यामध्ये बाहुली, चित्र, खेळ असे एखादे साधन ठेवण्याची पद्धत रूढ झाली. दूरध्वनी, दृक्‌संवाद व संगणकीय खेळ ही त्याच परंपरेतील नवी साधने होत. परंतु त्यांपैकी काही दूर असलेल्या दोघांना जोडतात, तर काही समोरासमोर बसलेल्या दोघांच्या मध्ये ठेवली जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात हा भेद निर्णायक आहे.

दूरध्वनी आणि घर :

बालकांसाठीची १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' राबविण्यास आरंभ केला. त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. मात्र प्रकल्पाचा केंद्रबिंदू शेतकरी होता. त्याच घरातील शाळकरी मूल रात्रीची कर्जाची बोलणी ऐकत असते, याकडे स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक ठरते.

दूरध्वनीवर समुपदेशकास मुलाची नजर, हातांची चुळबुळ, बसण्याची ढब यांपैकी काहीही दिसत नाही. प्रत्यक्ष भेटीतील मौन हा संवादाचाच भाग असतो. दूरध्वनीवर मात्र मूल विचार करीत आहे, रडत आहे की संपर्क तुटला आहे, हे कळत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील दुर्गम वस्त्यांत ही शंका वारंवार उद्भवणे स्वाभाविक आहे. भाषेचाही प्रश्न आहे. "मले करमत नाई" असे वऱ्हाडी मूल म्हणते, तेव्हा परप्रदेशातील समुपदेशक त्याचा अर्थ केवळ कंटाळा असा घेण्याचा संभव असतो. त्या तीन शब्दांत कधीकधी खोल विषण्णता दडलेली असते.

२०२० च्या टाळेबंदीत दृक्‌संवादाकडे वळलेल्या उपचारकांना आणखी एक अडचण जाणवली. प्रश्न मुलास विचारला जाई आणि उत्तर पडद्याबाहेरून पालक देत. दोन खोल्यांचे घर आणि वडिलांच्या मालकीचा एकच भ्रमणध्वनी असेल, तर एकांत मिळणार कोठून? त्याच वर्षी मार्चमध्ये वैद्यकांसाठी आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक आहे. तरतूद संरक्षणाचीच आहे. पण मुलाला त्या प्रौढाविषयीच काही सांगावयाचे असेल, तर ते अशक्य होऊन बसते.

खेळातील पात्र :

दुसऱ्या प्रकाराचा अनुभव अधिक आश्वासक आहे. न्यूझीलंडमधील 'स्पार्क्स' या संगणकीय खेळाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ ते १९ वयोगटातील १८७ मुलामुलींवरील त्या चाचणीत सात भागांचा हा खेळ नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी प्रभावी ठरला नाही. गोव्यातील 'संगाथ' संस्थेच्या 'पॉड ॲडव्हेंचर्स' या भ्रमणध्वनीवरील खेळात विद्यार्थी प्रथम काल्पनिक पात्रांच्या अडचणी सोडवितो, मग त्याच रीतीने स्वतःच्या अडचणीकडे वळतो. शाळेत हा खेळ प्रशिक्षित, परंतु मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली खेळला गेला. येथे यंत्र समुपदेशकाची जागा घेत नाही; मुलाला बोलण्यासाठी आडोसा मिळतो, एवढेच. पात्राच्या तोंडून बोलणे सोपे जाते, हे बाहुल्यांचा खेळ वापरणाऱ्यांना ठाऊकच होते.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात शाळेच्या एका रिकाम्या खोलीत, वऱ्हाडी ध्वनिमुद्रण असलेला असा खेळ आणि शेजारी स्थानिक समुपदेशक, ही व्यवस्था दूरध्वनीपेक्षा अधिक व्यवहार्य वाटते. परीक्षाकाळात राज्य मंडळाकडून नेमले जाणारे समुपदेशक काही आठवड्यांपुरतेच दूरध्वनीवर उपलब्ध असतात; ऊसतोडीसाठी पालकांबरोबर स्थलांतरित होणाऱ्या मुलांपर्यंत त्यांचा क्रमांक पोहोचणेही कठीण.

गोपनीयतेची मर्यादा :

एक बाब दोन्ही प्रकारांत सारखीच आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. त्यामुळे "हे कुणालाही सांगणार नाही" असे सरसकट वचन समुपदेशकास देता येत नाही. गुपित कोणत्या मर्यादेपर्यंत राखले जाईल, हे मुलाला प्रारंभीच त्याच्या भाषेत सांगावे लागते. दूरध्वनीवर तर त्यापूर्वी गावाचे नाव, शाळा आणि मुलाला विश्वासू वाटणारी एखादी जवळची व्यक्ती यांची नोंद करावी लागते; अन्यथा संपर्क तुटल्यावर मदत कोठे पाठवावी, हेच कळत नाही.