आश्रयगृहातील तरणे कुत्रे व शेतावरील राखण

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्याच्या वद्य पक्षात खंडोबाची यात्रा भरते, आणि तीत घोडे व गाढवे यांजबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन होते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. खंडोबाजवळ कुत्रे असते व त्याचे भक्त स्वतःस वाघ्या म्हणवितात. तेव्हा या मुलखात कुत्र्याचा मान जुना आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव तर कारवानी व पश्मी कुत्र्यांच्या पैदाशीकरिता प्रसिद्ध आहे. असे असूनही गावोगाव व शहरोशहरी बेवारशी कुत्र्यांचा प्रश्न बिकट झाला आहे, आणि त्याचा एक लहानसा उपाय शेतकऱ्याच्या हाती आहे, म्हणून हा लेख.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या हुकुमात असे म्हटले की, ज्यांस भटके कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्यांनी नगरसंस्थेकडे अर्ज करावा. मात्र ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाराची राहील. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या हुकुमाने शाळा, दवाखाने, बसस्थानके व रेल्वे स्थानके येथील भटकी कुत्री उचलून, त्यांची नसबंदी व लसटोचणी करून, आश्रयगृहांत ठेवण्यास सांगण्यात आले. अशा ठिकाणी वयस्क व शांत कुत्र्यास घर मिळणे त्या मानाने सोपे असते. एक-दीड वर्षाचे, उड्या मारणारे, हाती धरवत नाही असे तरणे कुत्रे मात्र मागे राहते. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते खरोखरच निभत नाही; कोणी नेले तरी महिनाभरात परत आणून सोडतो.

आमचे म्हणणे एवढेच की, शहरास जो दोष वाटतो तो शेतावर गुण ठरू शकतो. आखाड्यावर रात्री जागे राहणारे, बांधावरून फिरण्यास न कंटाळणारे, हरभऱ्यात रानडुकरे शिरताच ओरडून उठणारे जनावर असेच चपळ असावे लागते. पण हे आपोआप घडत नाही. कंधारी किंवा देवणी गोऱ्हा कितीही जातिवंत असला तरी त्यास पहिल्याच दिवशी कोणी भरल्या गाडीस जुंपत नाही. प्रथम त्यास माणसाच्या हाताची सवय करतात, मग शिकलेल्या बैलाच्या जोडीने हलके काम देतात, आणि त्याचे अंग कामास सरावले म्हणजे औतास लावतात. हाच न्याय कुत्र्यास लावावा. जो शेतकरी गोऱ्ह्यापाशी महिने घालवितो, तोच कुत्र्यास साखळीने खुंटास बांधून ‘राखण कर’ म्हणतो, हे नवल होय.

सतत बांधलेले तरणे कुत्रे राखणीचे होत नाही, चावरे होते. हे कायद्यासही मान्य नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ जनावर बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरविण्याची हयगय करणे, हा मालकाचा गुन्हा आहे.

शिक्षणाचा क्रम येणेप्रमाणे ठेवावा. पहिला आठवडा कुत्र्यास जागेची ओळख होऊ द्यावी. गर्दी जमवू नये, पोरांस छेडू देऊ नये. वीस-पंचवीस हात लांब दोर गळपट्ट्यास लावून सकाळ-संध्याकाळ शेताच्या बांधाने फिरवावे, म्हणजे आपली हद्द त्यास कळते व अंगातील रग जिरते. त्यानंतर चारच शब्द शिकवावे: ये, बस, थांब, सोड. घरधनी, कारभारीण व सालगडी या सर्वांनी तेच शब्द वापरावे. एकाने ‘ये’ व दुसऱ्याने ‘इकडे चल’ म्हटल्यास जनावर गोंधळते. एका वेळी दहा मिनिटांहून अधिक शिकवू नये, दिवसातून तीनदा शिकवावे, आणि सांगितले ते करताच भाकरीचा तुकडा द्यावा. बोलावून जवळ आलेल्या कुत्र्यास कधीही मारू नये. एकदा मारले की हाकेस येणे हा तोट्याचा व्यवहार आहे असे ते समजते. अंगावर उड्या मारील तर ओरडू नये, पाठ फिरवून उभे राहावे. चारी पाय जमिनीवर आले म्हणजे मग गोंजारावे.

सर्वांत महत्त्वाचा धडा शेळ्या-कोंबड्यांचा. दोर हाती धरून कुत्र्यास कळपापासून दूर उभे करावे, ते शांत राहील तसतसे रोज थोडे पुढे न्यावे. या धड्यास आठवडे लागले तरी घाई करू नये. शेजाऱ्याची एक शेळी मेली की भांडण वर्षभर पुरते, आणि कुत्रे जीवानिशी जाते. आपल्या भागातील कुत्र्यात कारवानी रक्त असल्यास अधिकच जपावे. ही जात नजरेने शिकार टिपणारी आहे. पळते जनावर दिसले की ती हाक ऐकत नाही. ससा, हरिण वा रोही यांच्या मागे कुत्रे सोडून मौज पाहण्याचे दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशी शिकार गुन्हा आहे. कुत्र्याने ओरडून इशारा द्यावा, पाठलाग करू नये. जखमी रानडुकराशी गाठ पडल्यास कुत्र्याचे पोट फाटते.

आरोग्याविषयी थोडे. आणतेवेळी नसबंदी व लसीचा दाखला मागून घ्यावा. पिसाळण्याची लस दरवर्षी टोचावी; हा रोग एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कोणास चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ सरकारी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून किंवा मांत्रिकाकडे जाऊन वेळ दवडू नये. कांदा-लसणाच्या कालवणात बुडविलेली भाकरी कुत्र्यास घालण्याचा सर्रास प्रघात आहे, तो सोडावा. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. भाकरी किंवा भातासोबत अंडे किंवा मांस द्यावे. वैशाखात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा फिरविणे उजाडण्यापूर्वी उरकावे आणि सावली व पाण्याचे भांडे कायम असावे. दुखण्यास तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. मोठ्या आजारास उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार दूर नाही.

आता कोणी असे कुत्रे आणू नये, हेही सांगणे अवश्य आहे. ज्याच्या आखाड्यावर रोज माणूस राहत नाही, ज्यास पहिले तीन महिने सकाळ-संध्याकाळ अर्धा तास काढता येत नाही, किंवा ज्याच्या घरी कर्त्या माणसांत याविषयी एकमत नाही, त्याने या फंदात पडू नये. न शिकविलेले कुत्रे पुढे गावावर सोडून देणे म्हणजे शहरातील संकट गावात आणणे होय, आणि त्याचे फळ शाळेस जाणाऱ्या पोरांस भोगावे लागते. न्यायालयाने घातलेली अटही हीच आहे. ज्यांस हे सर्व साधण्यासारखे आहे, त्यांनी पेरणीची घाई संपल्यावर, श्रावणाच्या सुमारास कुत्रे आणावे. त्या वेळी शिकविण्यास थोडी सवड असते, आणि रब्बीचा हरभरा घाट्यावर येईतो त्याचे शिक्षण पुरे होऊन ते राखणीस तयार होते.