न भरणाऱ्या जखमेचा माग

गाठीत पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी दिसते, तेव्हा कर्करोग जुनाट दाहाच्या जागी उपजत असावा, हा तर्क जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ सालीच मांडला होता. पुढची शंभरेक वर्षं तो जवळपास अडगळीत पडला. खुणा मात्र समोर होत्या. काश्मिरात निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर कर्करोग होई. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतर घट्ट कसल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. तरी या साऱ्या स्थानिक गमतीजमती ठरल्या.

पारडं फिरलं ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. जठरातल्या नागमोडी जंतूंची वाढ प्रयोगशाळेत होईना. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा दोन दिवसांऐवजी पाच दिवस उबवणीत राहून गेल्या आणि हेलिकोबॅक्टर उगवला! या जंतूने जठराला दाह होतो, हे लोक मानेनात म्हणून तिथले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या. दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला दाह. यातून कर्करोग सिद्ध झाला नव्हता, हे कथा रंगवणारे विसरतात. त्यासाठी अनेकांचे रक्तनमुने तपासावे लागले. १९९४ मध्ये हा जंतू अधिकृतपणे कर्करोगकारक ठरला, तर २००५ मध्ये मार्शल आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं.

दरम्यान १९८६ मध्ये अमेरिकी रोगशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्व्होराक यांनी गाठ म्हणजे न भरणारी जखम, असं म्हटलं. जखम भरताना शरीर पेशी वाढवतं, नव्या रक्तवाहिन्या घालतं आणि मग थांबतं. दाह जुनाट झाला की हे थांबणंच होत नाही. वर त्यातल्या रसायनांनी डीएनएला इजा होत राहते. माझ्या मते या विषयातली सर्वांत पक्की साक्ष तैवानची आहे. तिथे १९८४ पासून नवजात बाळांना यकृताला जुनाट दाह करणाऱ्या हेपॅटायटिस बीची लस मिळू लागली आणि मुलांमधला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आला.

दाहच दाबणाऱ्या एका औषधाने मात्र निराशा केली. २०१७ मध्ये हृदयरोग्यांच्या एका चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू घटलेले दिसले; खास त्या कर्करोगावर वापरून पाहिलं, तेव्हा तो परिणाम टिकला नाही. दाहाचं कारणच काढून टाकणं अजूनही जास्त भरवशाचं. म्हणूनच सुपारी-तंबाखूने तोंड आवळून कमी उघडत असेल किंवा तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.