कालीघाटचे पट आणि जामिनी रॉय

जामिनी रॉय (1887–1972) बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोडचे. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकून त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या व्यक्तिचित्रांत चांगला जम बसवला होता. 1920 च्या दशकात त्यांनी ती वाट सोडली. कलकत्त्यातल्या कालीघाटच्या कालीमंदिराबाहेर यात्रेकरूंना विकले जाणारे स्वस्त पट, म्हणजे चित्रं, त्यांना खुणावू लागले: एका दमात ओढलेली जाड, गोलाईदार रेषा आणि मागे कोरा कागद. पण या पटांना शहराचं वारं लागलंय असं वाटून ते गावाकडच्या पटुआंकडे, म्हणजे पट रंगवणाऱ्यांकडे, वळले. तिथून आले कृष्ण-बलराम, गोपी, मायलेकरं. बदामी डोळे कानापर्यंत ताणलेले, कधी बुबुळाशिवाय. त्यांना भोळी चित्रं म्हणणं मात्र चूक. इतकी काटकसर भोळेपणाने साधत नाही.

साहित्यही गावचंच: काजळी, नीळ, खडू, दगडाची पूड आणि चिकटपणासाठी चिंचोक्यांची खळ. 1954 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरल्याने ती विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत.